बिनदारूचा मोहितो घरी केला की कडू का होतो?

ओलीसुकी

नमस्कार मंडळी, थोडी मदत हवी आहे.

माझ्या बाबांनी दारू सोडून आता दोन वर्षं होतील. सोडली ती पूर्ण सोडली. पण चार मित्र जमले की सगळ्यांच्या हातात काही ना काही असतं आणि बाबांपुढे साधं पाणी. ते काही बोलत नाहीत, पण मला ते बघवत नाही. म्हणून ठरवलं की त्यांच्यासाठी मन लावून केलेलं असं काहीतरी शिकायचं. पुदिना त्यांना फार आवडतो, म्हणून बिनदारूचा मोहितो निवडला (पुदिना, लिंबू, साखर आणि सोड्याचं पेय, एरवी त्यात रम असते).

चार वेळा केला, चारही वेळा फसला. मूठभर पुदिना, एका लिंबाच्या सालीसकट आठ फोडी आणि तीन चमचे साखर खलबत्त्यात चांगली कुटते, पेल्यात काढते, वरून बर्फ आणि सोडा. पहिला घोट बरा लागतो. दुसऱ्यापासून घशाशी कडवटपणा रेंगाळतो तो जातच नाही. रंग हिरवट-तपकिरी, गढूळ. पानांचा चोथा दातांत येतो. साखर तळाशी तशीच. आणि सोडा ओतला की भस्सकन फेस येतो, पाच मिनिटांत सगळा जोर संपलेला.

येत्या रविवारी त्यांचे मित्र येणार आहेत. कुठे चुकतंय?

पानगळ

ताई, पुदिन्याला खलबत्ता नको.

पुदिन्याचं पान उजेडात धरा आणि खालची बाजू भिंगातून बघा. बारीक चमकते ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. आपल्याला हवा तो वास तिथे, पानाच्या अगदी पृष्ठभागावर असतो. नुसतं दाबलं तरी ग्रंथी फुटतात आणि काम होतं. त्यापुढे कुटत राहिलं की पानाच्या आतल्या पेशी फुटतात आणि हरितद्रव्य आणि तुरट-कडू रस बाहेर येतो. शिवाय पेशींमधली एंझाइम्स आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की हिरवं तपकिरी व्हायला लागतं. चिरून ठेवलेलं सफरचंद काळं पडतं ना, तेच.

जाड देठं काढून टाका. ८-१० पानं पेल्याच्या तळाशी घाला, त्यांवर साखरेचा पाक, आणि लाटण्याच्या टोकाने चार-पाच वेळा दाबून हलकंसं फिरवा. पानं अख्खीच राहायला हवीत, फक्त थोडी गडद आणि सुरकुतलेली दिसतील. नाकाला वास आला की हात थांबवायचा. सजावटीची डहाळी पेल्यात खोचण्याआधी दोन तळव्यांमध्ये एकदा टाळी दिल्यासारखी आपटा. पिताना नाक तिच्याजवळ जातं, आणि अर्धी चव तिथूनच येते.

गवतीपाती

पानगळ यांना अनुमोदन. पण मला वाटतं निम्मा कडवटपणा लिंबाचा आहे.

लिंबाच्या हिरव्या सालीत सुगंधी तेल असतं, ते हवंच. तिच्या खालचा पांढरा पापुद्रा कडू, आणि बी फुटली तर विचारायलाच नको. खलबत्त्यात सालीसकट कुटता तेव्हा हे तिन्ही एकत्र येतं. सरळ रस काढा, गाळून घ्या. पिळतानाही शेवटचा थेंब काढायच्या नादात साल उलटीपालटी करून दाबू नका.

आणखी एक. रस आदल्या रात्री काढून ठेवता का? लिंबूवर्गीय फळांच्या रसात एक घटक असतो, तो सुरुवातीला कडू नसतो. रसातल्या आम्लामुळे काही तासांत त्याचं लिमोनिन होतं आणि ते कडू असतं. म्हणून ताज्या रसाची चव वेगळी आणि शिळ्याची वेगळी. त्याच दिवशी पिळा.

मोजमाप

साखर आणि सोड्याबद्दल मी सांगतो, कारण या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध आहे.

थंड पाण्यात साखर विरघळायला वेळ लागतो, म्हणून ती तळाशी राहते. आणि सोड्यातला वायू बाहेर पडायला खरखरीत जागा शोधत असतो. न विरघळलेला साखरेचा दाणा, पानांचा चोथा या त्याला आयत्या मिळालेल्या जागा. तुमचा भस्सकन येणारा फेस तोच. साखर आधीच विरघळलेली असेल आणि पानं अख्खी असतील तर सोडा शांतपणे बसतो.

पाक असा करा: १०० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम पाणी, साखर विरघळेपर्यंतच गरम करायचं. तार वगैरे काही नको. गार करून बाटलीत भरा. साधारण १६० मिली होतो.

३००-३५० मिलीच्या एका पेल्याला:
पुदिन्याची ८-१० पानं, गाळलेला लिंबाचा रस २५ मिली, पाक २५ मिली, सोडा १२०-१५० मिली, बाकी पेला काठोकाठ बर्फ. आणि मीठ, खरंच अगदी चिमूटभर. खारट लागता कामा नये. मिठातलं सोडियम कडवटपणा दाबतं, म्हणून ते घालायचं.

सोडा फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, पेलेसुद्धा थंड करा. ० अंशाच्या पाण्यात २० अंशाच्या पाण्याच्या जवळजवळ दुप्पट कार्बन डायऑक्साइड मावतो. कोमट सोडा ओतला की वायू तिथल्या तिथे उडतो. दुसरा तोटा पाण्याचा. १ ग्रॅम बर्फ वितळताना ८० कॅलरी उष्णता घेतो. १५० मिली सोडा ३० अंशांवरून शून्यावर आणायचा तर ५६ ग्रॅम बर्फ वितळणार, म्हणजे पेल्यात तेवढं पाणी वाढलं. तोच सोडा फ्रीजमधला, ५ अंशांचा असेल तर ९-१० ग्रॅममध्ये भागतं. पेय पचपचीत होण्याचं खरं कारण हे असतं, लोक मात्र बर्फाला दोष देतात.

ओतताना पेला थोडा कलता धरून कडेने ओता. नंतर लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला, म्हणजे पाक वर येईल. गरगर ढवळू नका.

चांदणचुरा

वाचनखूण साठवली. मोजमाप, ते ५६ ग्रॅमचं गणित कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सायंतारा

मी थोडी वेगळ्या मताची आहे. सालीसकट फोडी दाबल्याशिवाय मजा येत नाही. नुसत्या रसाने पेय आंबट-गोड होतं, पण त्याला तो हिरवा, झणझणीत सुवास येत नाही. मी वर्षानुवर्षं फोडी घालते, कडू होत नाही.

गवतीपाती

सायंतारा, तुम्ही फोडी दाबता. ताई कुटतायत. फरक तिथे आहे.

पानगळ

आणि फोडी साखरेसोबत चेपायची पद्धत मुळात ब्राझीलच्या काइपिरिन्याची. मोहितो क्यूबाचा, त्यात रस घालतात. दोन्ही पेयांत दारू असते, त्यामुळे दोन्हीकडून कृती उचलताना ती काढून टाकली की नेमकं काय जातं ते बघावं लागतं.

मोजमाप

पानगळ, हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आहे. आपण समजतो की मोहितोतून रम वजा केली की बिनदारूचा मोहितो तयार. तसं होत नाही. रम त्या पेयात तीन कामं करत असते.

पहिलं काम वासाचं. पुदिन्याचं आणि लिंबाच्या सालीचं तेल पाण्यात जवळपास विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं. रम ओतली की ती पानावरचं तेल ओढून घेते. रम नसेल तर वास पानावरच राहतो, पेय फिकं लागतं, आणि मग माणूस काय करतो? आणखी कुटतो. ताईंचं तेच झालंय. त्या चुकीच्या दिशेने जास्त मेहनत घेत होत्या.

दुसरं काम अंगाचं, म्हणजे तोंडात जाणवणाऱ्या दाटपणाचं. तिसरं घशातल्या उबेचं.

पहिल्यासाठी वास आधीच पाकात उतरवून ठेवायचा. दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही वापरतो. पाक गॅसवरून उतरवला की त्यात पुदिन्याच्या ५-६ डहाळ्या बुडवायच्या, लगेच घट्ट झाकण ठेवायचं (वास वाफेबरोबर उडतो), १५-२० मिनिटांनी गाळायचा. जास्त वेळ ठेवला तर पालापाचोळ्याचा वास येतो. रंग हिरवा राहावा असं वाटत असेल तर डहाळ्या आधी उकळत्या पाण्यात १५ सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. त्या उष्णतेने रंग घालवणारी एंझाइम्स निकामी होतात.

दुसरी वाट सालीची. लिंबू स्वच्छ घासून धुवा, बारीक किसणीवर फक्त हिरवा भाग किसा आणि तो साखरेत बोटांनी चोळा. तासाभराने साखर ओलसर, हिरवट होते, कारण तिने तेल ओढून घेतलेलं असतं. त्याच साखरेचा पाक करा. सायंतारा, तुम्हाला जो सुवास हवा आहे तो असा कडूपणाशिवाय मिळतो.

सायंतारा

हे करून बघते. किसलेली साल साखरेत चोळायचं मला सुचलंच नव्हतं.

खिडकीतली बाग

पुदिना कोणता घेताय, हेही बघा. पुदिन्याच्या दोन मोठ्या घराण्यांत खूप फरक आहे. स्पिअरमिंटमध्ये मुख्य वास कार्व्होन नावाच्या सुगंधी घटकाचा, मेंथॉल अगदीच थोडं. तो गोडसर, मऊ असतो. पेपरमिंटमध्ये मेंथॉल भरपूर. मोहितोला पहिला हवा. पेपरमिंट घातला तर दात घासल्यासारखं वाटतं.

मेंथॉल थंड कसं वाटतं याचीही गंमत आहे. ते तापमान कमी करत नाही. आपल्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारा टीआरपीएम८ नावाचा ग्राही (संवेदना टिपणारं प्रथिन) असतो, तोच मेंथॉलने जागा होतो आणि मेंदूला वाटतं गारवा आला. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन या दोघा शास्त्रज्ञांनीही तो ग्राही शोधताना मेंथॉलच वापरलं होतं. तापमान आणि स्पर्शाच्या ग्राहींवरच्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आणि कार्व्होनचं मला फार अप्रूप वाटतं. शेपूच्या बियांच्या वासातही कार्व्होनच असतं, फक्त आरशातल्या प्रतिमेसारखं उलटं. अणू तेच, जोडणी तीच, डावं-उजवं तेवढं बदललेलं, आणि नाकाला एक पुदिना वाटतो आणि दुसरं शेपूचं बी.

आणलेली जुडी फुलांसारखी पाण्याच्या पेल्यात उभी ठेवा, वर सैलसर पिशवी, आणि फ्रीजमध्ये. पानं धुवायची ती वापरायच्या आधी, आणि नीट धुवायची, कारण ती कच्चीच पोटात जाणार.

ओलीसुकी

तुम्हा सगळ्यांचे किती आभार मानू. आज दुपारी मोजमाप यांच्या मापाने एक पेला केला. कडू झाला नाही! स्वच्छ, जवळजवळ पारदर्शक, आणि तळाशी अख्खी पानं. सोडा शेवटपर्यंत टिकला. साल चोळलेल्या पाकाचा वास तर घरभर आला.

एकच विचारायचं आहे. घशातली ती ऊब आणायची असेल तर काय करावं? रमचा वास असलेला इसेन्स मिळतो असं ऐकलं. चार थेंब घालू का?

मोजमाप

ऊब आल्याने येते. आल्याचा रस पाव चमचा, गाळून. अल्कोहोलचा घशातला जाळ आणि आल्याचा तिखटपणा हे दोन्ही एकाच ग्राहीमार्फत जाणवतात, ज्याच्यामुळे मिरचीही तिखट लागते. दाटपणासाठी पाक पाच मिली वाढवता येईल, पण मग रसही थोडा वाढवा.

इसेन्सबद्दल मला खात्रीने सांगता येणार नाही.

उंबरठा

ताई, मी इथे फारसं लिहीत नाही, पण इसेन्सचं वाचून राहवलं नाही. मी स्वतः दारू सोडून सहा वर्षं झाली.

इसेन्स घालू नका. एक तर अशा अनेक अर्कांचा पायाच अल्कोहोलचा असतो. कॉकटेलमध्ये थेंबभर घालतात ते बिटर्स तर बहुतेक ३५ ते ४५ टक्के अल्कोहोलचे असतात. बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय काहीच घालू नये. पण त्याहून मोठं कारण वासाचं आहे. ज्याने सोडली त्याच्यासाठी वास हीच सगळ्यात जुनी वाट असते. मला पहिल्या वर्षी रमचा नुसता वास आला तरी हाताला घाम फुटायचा. त्या वासाची नक्कल प्रेमाने कोणी समोर ठेवली असती तर मी नाही म्हणू शकलो नसतो, आणि रात्रभर झोपलोही नसतो.

दुसरं सांगतो, राग मानू नका. बाबांना विचारलंत का? काहींना असं पेय मिळालं की फार बरं वाटतं. काहींना तो उंच पेला, तो बर्फाचा आवाज, ते नावसुद्धा नको असतं. मला स्वतःला पहिली दोन वर्षं नको होतं, आता आवडतं. हे ज्याचं त्यालाच ठाऊक. अचानक चारचौघांत हातात देऊ नका. आधी एकट्याने विचारा, आणि नको म्हणाले तर तेवढ्यावर थांबा.

आणि त्यांच्यासाठी वेगळं करू नका. सगळ्यांनाच हे द्या. ज्याला पुढे काही मिसळायचं तो नको म्हणून सांगेल, किंवा त्या दिवशी तसंच पिईल.

गवतीपाती

उंबरठा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. सहा वर्षांबद्दल मनापासून अभिनंदन.

ओलीसुकी

उंबरठा, राग कसला. मी विचारलंच नव्हतं. माझ्या डोक्यात फक्त त्यांना आनंदाचा धक्का द्यायचं होतं. तुमचं वाचलं आणि उठून बाबांच्या खोलीत गेले.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पुदिना असू दे, लिंबू असू दे. ते नाव नको." एवढंच. आलंही नको म्हणाले, घशाशी जळजळ नको म्हणून. मी इसेन्सचा विचार सोडला. आता याचं नाव नुसतं पुदिना-लिंबू.

कवडसा

जळजळीचा विषय निघाला म्हणून सांगते. मी दंतवैद्य आहे, त्यामुळे दोन गोष्टी दातांच्या आणि एक-दोन इतर.

दातांचं इनॅमल, म्हणजे वरचं कठीण आवरण, पीएच ५.५ च्या खाली विरघळायला लागतं (पीएच जितका कमी, तितकं आम्ल जास्त). लिंबाच्या रसाचा पीएच दोन-अडीचच्या आसपास असतो, पाण्याने तो थोडाच वर जातो. त्यामुळे हे पेय तासभर चघळत बसू नये. नळीने प्यायलं तर उत्तम, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी. लगेच ब्रश मात्र करू नये, निदान अर्धा तास थांबावं, कारण त्या वेळी इनॅमल मऊ झालेलं असतं.

बाबांना आम्लपित्ताचा त्रास असेल तर आंबट, सोडा आणि पुदिना हे तिन्ही तो वाढवू शकतात. पुदिन्याने अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. असा त्रास नेहमीचा असेल तर पेला छोटा घ्यावा आणि झोपायच्या आधी तर नकोच. २५ मिली पाकात साधारण १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे जवळजवळ चार चमचे. मधुमेह असलेल्या पाहुण्याला हे आधी सांगावं.

आणि लिंबं पिळून झाल्यावर हात साबणाने धुवा, मगच उन्हात जा. लिंबाच्या सालीत फ्युरोकुमारिन नावाची रसायनं असतात. ती कातडीवर असताना ऊन लागलं तर एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखे फोड येतात आणि नंतर काळे डाग राहतात, कधीकधी महिनोन्महिने. लहान मुलांना अंगणात बसवून लिंबं पिळायला देऊ नये ते यासाठीच.

पानगळ

दहा जणांसाठी करणार असाल तर रस आणि पाक समप्रमाणात एका बाटलीत मिसळून तीन-चार तास आधी फ्रीजमध्ये ठेवा. प्रत्येक पेल्यात त्यातलं ५० मिली. पुदिना मात्र ऐन वेळी दाबायचा, आणि सोडा ज्याच्या त्याच्या पेल्यात. मोठ्या भांड्यात सोडा ओतून ठेवलात तर शेवटच्या माणसाला गोड पाणी मिळेल.

ओलीसुकी

रविवार पार पडला. लिहिते आहे तेव्हा रात्रीचे अकरा वाजलेत, पेले धुऊन झालेत.

उंबरठा यांनी सांगितल्याप्रमाणे सगळ्यांना तेच दिलं. कोणी काही विचारलं नाही. एक काका म्हणाले, "यात काय घातलंयस, वास कसला मस्त येतोय," आणि मी किसलेल्या सालीची साखर त्यांना दाखवली. बाबांचा पहिला पेला मी केला. त्यांना गोड जास्त वाटलं, पाक २० मिलीवर आणायला सांगितला. दुसऱ्या फेरीला ते स्वतः उठून आत आले, मला बाजूला सरकवलं, पानं मोजून घातली, लाटण्याने दाबली, आणि डहाळी तळव्यांवर आपटून पेल्यात खोचली. तीन मित्रांसाठीही त्यांनीच केले. मी फक्त बर्फ देत होते.

आता त्यांना पुदिना घरीच लावायचा आहे. उरलेल्या डहाळ्या पाण्यात ठेवल्यात. मुळं धरतील का?

खिडकीतली बाग

धरतील! खालची पानं काढा, निदान एक पेर पाण्यात बुडालेलं हवं, मुळं पेरातूनच फुटतात. दर दोन दिवसांनी पाणी बदला. आठवडा-दोन आठवड्यांत मुळं दिसतील, बोटभर झाली की कुंडीत लावा. कुंडीतच, जमिनीत नको, नाहीतर दुसरं काही उगवूच देणार नाही. सकाळचं ऊन, दुपारी सावली. शेंडे खुडत राहा, फुलावर जाऊ देऊ नका, म्हणजे पानं भरगच्च आणि वासाची मिळतील.

ओलीसुकी

बाबांना वाचून दाखवलं. पेल्यावर आजची तारीख लिहून त्यांनी तो खिडकीत ठेवलाय.